लाल रेघेपर्यंत

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही तर साधी सायकल. रंग उडालेला, सीटवर ठिगळ, हँडलवर एक छोटी काच आणि त्या काचेवर आता काहीच उमटत नाही. पण मी साधी सायकल नाही. मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी सायकल आहे. अकोटला गयासुद्दीनभाईंच्या दुकानामागे पडवी आहे, तिथे मी उभी असते. डोंगरातले दगड दाखवायला माणसांना घेऊन जाणं हे माझं काम होतं.

माझा सांगाडा लुधियान्याकडच्या कारखान्यात घडला. मोटर कुठल्या तरी दूरच्या देशातून आली. हे सगळं खोक्यांतून अकोटला आलं आणि गयासुद्दीनभाईंनी दुकानाच्या फरशीवर बसून मला जोडलं. म्हणून मी स्वतःला अकोटचीच समजते.

त्यांच्या वडिलांच्या वेळी ते दुकान गजबजलेलं असायचं. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि तिथे कामाला येणारा प्रत्येक जण सायकलवर यायचा. मग मोटारसायकली आल्या. त्यानंतर ती वाईट वर्षं आली. एका साली बोंडअळीनं कापूस आतून पोखरला, पुढच्या साली पावसानं पाठ फिरवली. बाजारात माणसं यायची, वस्तू हातात घेऊन पाहायची आणि परत ठेवून जायची. दुकानासमोर कोणी थांबलंच तर चाकात हवा भरायला.

गयासुद्दीनभाईंची बायको गजाला. तिला दूरदूरचे मुलूख मोबाइलवर पाहायची आवड होती. एका दुपारी तिनं पाहिलं की कुठल्याशा वाळवंटात लालभडक खडकांच्या दऱ्यांमधून लोक बॅटरीच्या सायकलींवर फिरताहेत. पुढे एक बाई वाट दाखवत चालली आहे, मध्येच थांबून खडकाकडे बोट करते आहे आणि सगळे माना वर करून ऐकताहेत. गजालानं मोबाइल नवऱ्यापुढे धरला.

"अपने पास बी तो गोटेच गोटे है," ती म्हणाली. "सिर्फ काले है."

गयासुद्दीनभाई हसले नाहीत. त्यांनी ते दृश्य पुन्हा एकदा पाहिलं आणि चढावर साध्या सायकली चालायच्या नाहीत, मोटर लागेल, एवढंच सांगितलं. माझा जन्म त्या बोलण्यातून झाला. माझ्यासोबत माझ्या काही बहिणीही जोडल्या गेल्या.

अकोटच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा सुरू होतो. होळीच्या आसपास तिकडे गेलात तर वाळवंटात आल्यासारखं वाटेल. नाले कोरडे, गवत पिवळं पडलेलं, उभेच्या उभे काळे कडे, आणि एखादा बोडका पळस तेवढा फुलांनी पेटलेला. अशाच एका कोरड्या नाल्याच्या काठानं जाणारी वाट गजालानं निवडली. त्या दरीला आसपासच्या गावांत काळदरी म्हणतात. अख्खा हिवाळा ती त्या दरीत पायी हिंडली. अमरावतीच्या कॉलेजात खडकांचा विषय शिकवणारे एक प्राध्यापक तिकडे आले होते. त्यांना तिनं इतकं विचारलं, इतकं विचारलं, की त्यांचा डबा तसाच गार होऊन गेला.

मला तर तेव्हा सगळ्याचंच नवल होतं. तुम्ही पायांनी किंवा डोळ्यांनी रस्ता ओळखता, मी टायरांनी ओळखते. काळ्या मातीचा रस्ता मऊ आणि मुका असतो. मुरूम करकर करतो. खडक मात्र खालून ठणठणीत उत्तर देतो. काळदरीत पहिल्यांदा शिरले तेव्हा एकाच फेरीत हे तिन्ही मला भेटले आणि पुढच्या वळणापलीकडे काय असेल, असं मला प्रत्येक वळणावर वाटत राहिलं. चढ आला की माणूस पायडलवर जोर द्यायचा, मी मोटरनं माझा जोर त्यात मिळवायचे आणि आम्ही दोघं मिळून वर जायचो. हे मिळून वर जाणं मला फार आवडायचं.

हळूहळू माणसं येऊ लागली. अकोल्याचे डॉक्टर आले, कृषी विद्यापीठातल्या मुली आल्या, नुकतीच लग्न झालेली जोडपी आली. सगळे माझं कौतुक करायचे. दम लागला नाही म्हणायचे, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. त्या कौतुकानं मी फुलून जायचे. पण खडकाकडे नीट पाहणारं माणूस क्वचित यायचं.

त्या फेऱ्यांतल्या एका फेरीबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे.

त्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यात अकोल्याहून चंदा नावाची बाई आली. सोबत तिचे वडील होते, भगवंतराव. उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरी टोपी, गुडघे दुखत असल्यामुळे जरा वाकून चालणारे. त्यांचं गाव भातकुलीकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. तिकडे जमीन खोल काळी आणि विहिरींचं पाणी खारट. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. गजालानं भगवंतरावांच्या हाती माझं हँडल दिलं. तरुणपणी ते सायकलनंच बाजाराला जायचे, त्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नाही. बटण दाबलं की मोटर चालू, पुन्हा दाबलं की बंद, आणि काचेवर बॅटरी किती उरली ते दिसतं, एवढं ऐकून घेऊन ते निमूट माझ्यावर बसले.

वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. बोलत होती ती चंदा, आमच्या मागे, गजालाच्या शेजारून सायकल चालवत, हळू आवाजात. माझ्या कानावर ते तुटक तुटक येत होतं. सलग दोन पिकं गेल्यावर बाबांनी शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर, दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं होतं आणि ते तिच्याकडे अकोल्याला राहायला आले होते. तेव्हापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसून असतात. जेव म्हटलं की जेवतात, झोप म्हटलं की झोपतात. स्वतःहून काही विचारत नाहीत, काही मागत नाहीत. त्यांच्या गावातल्या दोन घरांत त्या वर्षांत जे घडलं होतं, ते चंदाला ठाऊक होतं. त्यामुळे ती गच्चीच्या दाराला कुलूप लावायची आणि कामावरून दिवसातून कितीदा तरी फोन करायची. मोकळ्या हवेत बरं वाटेल म्हणून तिनं आज त्यांना इथे आणलं होतं.

काळदरीत शिरल्यावर गजालानं पहिल्या कड्यापाशी सगळ्यांना थांबवलं. कडा पायापासून माथ्यापर्यंत काळा होता, पण मधोमध, कोणी पट्टी धरून आखावी तशी, एक लाल रेघ गेलेली होती. गजालानं सांगायला सुरुवात केली. हा सगळा मुलूख कोणे एके काळी जमिनीच्या पोटातून आलेल्या तापलेल्या रसानं झाकला गेला. रस थंड झाला, त्याचा हा काळा खडक बनला. पुढे लाखो वर्षं ऊनपाऊस खाऊन वरचा खडक कुजला, झिजला, त्याची माती झाली. त्या मातीत झाडंझुडपं उगवली असतील. मग पुन्हा तसाच रस आला आणि त्या मातीवरून वाहिला. खालची माती भाजून विटेसारखी लाल झाली. तीच ही रेघ.

बाकीची मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती. भगवंतराव टोपी मागे सरकवून वर पाहत होते.

"म्हंजे ते लाल दिसून राहिलं, ते वावर होतं?" त्यांनी विचारलं.

"वावर नाई काकाजी, तवा माणूसच नोता," गजाला म्हणाली. "पण माती होती."

"अन् आपली काळी माती? ते कुठून आली?"

तीही याच खडकातून, गजालानं सांगितलं. खडक कुजून मुरूम, मुरूम कुजून माती, आणि ती पावसानं, नद्यांनी वाहून खाली तुमच्याकडे नेऊन टाकली.

भगवंतरावांनी वाकून नाल्यातला एक काळा गोटा उचलला. मग म्हणाले की त्यांच्या गावाकडे कुत्र्याला मारायला गोटा सापडत नाही, देव मांडायलासुद्धा बाहेरून आणावा लागतो. ती लाल रेघ हाताला लागेल अशी कुठे आहे का, असंही त्यांनी विचारलं. नाल्यानं आणखी वर गेलं की ती खाली उतरते, अगदी छातीच्या उंचीला येते, पण ती वाट वाईट आहे, पुढे एकदम तुटलेला कडा आहे, तिकडे आम्ही पाहुण्यांना नेत नाही, असं गजालानं सांगितलं. त्यांनी मान हलवली. चंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वर्षभरात बाबांनी पहिल्यांदा कोणाला काही विचारलं होतं.

जेवायला सगळे नाल्याच्या वळणावर, अर्जुनाच्या झाडांखाली थांबले. गजालानं भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून आणला होता. सगळे पानावर बसले, हसणंबोलणं सुरू झालं. भगवंतरावांनी लवकर हात धुतले, पिशवी आणि मोबाइल झाडाच्या मुळाशी ठेवला, माझ्याजवळ आले, आणि आम्ही दोघं निघालो.

काचेकडे पाहत त्यांनी बटण दाबलं आणि मोटर बंद केली.

"राहू दे," ते पुटपुटले. "वापस येतानी लागन."

मी एकटीच ते ऐकत होते.

सपाटीवर त्यांनी पायडल मारलं. पुढे वाळू लागली, मग मोठे धोंडे लागले, तेव्हा ते उतरले आणि मला ढकलत चालू लागले. खरं तर मी त्यांना धरून चालत होते की ते मला, हे सांगणं कठीण आहे. गुडघा दुखला की ते माझ्या सीटवर भार टाकून थांबायचे, कड्याकडे पाहायचे आणि रेघ किती खाली आली याचा अंदाज घ्यायचे. एका बाभळीचा काटा माझ्या पुढच्या चाकात घुसला. हवा निघून गेली, पण त्यांनी मला सोडलं नाही. एका वळणावर रेघ त्यांच्या डोक्याच्या उंचीला आली, त्याच्या पुढच्या वळणावर छातीला. तिथे वरचा काळा खडक छज्ज्यासारखा पुढे आलेला होता आणि त्याच्याखाली लाल थर आत गेलेला होता. त्यांनी मला एका धोंड्याला टेकवलं आणि वाकून आत शिरले.

त्यांनी लाल मातीला आधी तळहात लावला. मग नखानं खरवडून पाहिलं. एक ढेकूळ सुटलं, ते त्यांनी बोटांत चुरडलं, जिभेला लावलं. लाल थराच्या वरच्या कडेनं थेंब थेंब पाणी पाझरत होतं. आजूबाजूला सगळं रखरखीत, आणि तिथे तेवढं ओलं. त्यांनी ओंजळ धरली, भरायला फार वेळ लागला. प्यायले आणि खारट लागेल म्हणून तोंड वाकडं केलेलं तसंच राहिलं, कारण पाणी गोड होतं. त्यांनी पुन्हा ओंजळ धरली. मग ते खाली बसले, हातातलं ढेकूळ भिजवून मळत, कुठून पाणी येतं, ते याच थरावर का थांबतं, वरच्या खडकातून झिरपून आलं असेल का, असं स्वतःशीच बोलत राहिले. ऊन सरकलं तरी त्यांना कळलं नाही. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं त्या दरीत नेली. इतकं रमलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

झाडाखाली काय झालं ते मला नंतर कळलं. चंदा पाणी द्यायला गेली तर तिथे पिशवी होती, मोबाइल होता, बाबा नव्हते आणि मीही नव्हते. आधी तिनं हाका मारल्या. मग तिला पुढचा तुटलेला कडा आठवला आणि ती नाल्यानं वर निघाली. गजालानं बाकीच्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि चंदाचा हात धरला. त्या दिवसांत एखादा शेतकरी न सांगता कुठे गेला की ऐकणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट यायची. गजालाच्याही मनात तीच आली होती. वाळूत माझ्या टायरांची नक्षी उमटली होती, त्या नक्षीवर नजर ठेवून दोघी पळत निघाल्या.

मी त्यांना वळणावरून येताना पाहिलं. त्यांनी मला पाहिलं, धोंड्याला टेकलेली, रिकामी. माझ्या मागे थोड्याच अंतरावर कडा तुटलेला होता. चंदा तिथेच मटकन खाली बसली. मला घंटी होती, पण ती वाजवायला हात लागतो. ते इथेच आहेत, अगदी जवळ, बरे आहेत, हे मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. आयुष्यात तेवढी लाचार मी कधी झाले नाही.

गजाला पुढे आली, खाली वाकली, आणि तिला छज्ज्याखाली पांढरी टोपी दिसली.

भगवंतराव बाहेर आले ते हातातलं लाल ढेकूळ दाखवतच. लेकीचा चेहरा पाहिला आणि हात खाली आला.

"सांगून काहून नाई गेले बाबा?" चंदानं विचारलं.

"तुमी येऊ देल्लं असतं काय?"

चंदा रडायला लागली. मला वाटलं, मला वाटलं, एवढंच ती म्हणत राहिली. म्हाताऱ्याला समजलं. ते तिच्याशेजारी दगडावर टेकले.

"पोरी, मले मरायचं असतं तं मी बॅटरी कायले वाचवली असती?"

गजालानं माझं बटण दाबून काचेत पाहिलं. जेवायला थांबलो तेव्हा होती तेवढीच बॅटरी अजून होती. तिनं ती काच चंदाकडे वळवली. चंदा रडता रडता हसली, मग पुन्हा रडली.

"मंग वर्षभर बोलले काहून नाई?"

भगवंतरावांनी विचार करून उत्तर दिलं. "बोलू काय? जे इचाराव, त्याचं उत्तर मले आधीच मालूम. पाणी येते का, नाई. भाव हाय का, नाई. सारं मालूमच होतं. आज पयल्यांदा असं काई पाह्यलं का ज्याचं मले काईच मालूम नाई."

मग तिघंही छज्ज्याखाली बसली. चंदा पाझराचं पाणी प्यायली. तिच्या वडिलांनी तिला ती रेघ दाखवली, जशी काही त्यांनीच ती शोधली होती, आणि गजालानं त्यांना दाखवू दिलं. माझ्या सीटखालच्या पिशवीतलं सामान काढून गजालानं तिथेच बसून माझं पंक्चर काढलं. परतीच्या वाटेवर भगवंतरावांनी माझी मोटर चालू केली आणि चंदाच्या पुढे निघून गेले.

त्यानंतर ते पुन्हा आले, कितीतरी वेळा. दर वेळी नवा प्रश्न घेऊन यायचे. एकदा शेजारच्या पुंजाजींना घेऊन आले. गोटे पाहायला एवढ्या दूर कशाला, म्हणून पुंजाजी वाटभर कुरकुरले आणि लाल रेघेपाशी उलट त्यांनाच उठवावं लागलं. भगवंतराव नेहमी मलाच मागायचे. गजाला ती वाईट वाट त्यांच्यासाठी साफ करत गेली आणि पुढे हात धरून इतर पाहुण्यांनाही तिथे नेऊ लागली. एका उन्हाळ्यात ते गावी परतले. शेत ठोक्यानं दिलेलंच राहिलं, पण त्यांनी घर उघडलं, झाडलं आणि तिथे राहू लागले.

मग सगळं बंद झालं ते साल आलं. रस्ते बंद, दुकान बंद, दरी बंद. आम्हा बहिणींवर ताडपत्री टाकली गेली. घरात दुखणी होती, काळज्या होत्या, आमच्याकडे पाहायला कोणाला उसंत नव्हती. बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत उतरत जाते, मित्रांनो. माझी उतरत उतरत पार संपली. ताडपत्री निघाली तेव्हा गयासुद्दीनभाईंनी मला चार्जर लावला, रात्र गेली, काच उजळली नाही. त्यांनी खूप खटपट केली. माझ्या मापाची बॅटरी आता निघत नाही म्हणतात. जाड टायरांच्या नव्या सायकली आल्या, त्या काळदरीत जातात. सकाळी त्या निघतात तेव्हा पुढच्या वळणापलीकडे काय असेल, असं मला अजून वाटतं. गजाला कधीकधी मला नुसत्या पायडलवर बाजारात नेते. तेवढंही मला पुरतं.

परवा दुकानात तिचा फोन वाजला. हातात ग्रीस होतं म्हणून तिनं तो स्पीकरवर लावला. भगवंतरावांचा आवाज होता. त्यांच्या गावाजवळ बोअरची गाडी आली होती. आताशा कुठेही बोअर लागला की ते तिथे जाऊन उभे राहतात आणि खालून काय निघतं ते हातात घेऊन पाहतात. आपल्या मातीखाली गोटा कुठे लागतो हे त्यांना पाहायचं आहे.

"गोटा तं अजून लागला नाई," ते सांगत होते. "पण लय खाली रेती लागली, बेटा. गोल गोल, नदीची असते तशी. म्हंजे आमच्या वावराखाली नदी होती काय?"

आपल्याला ठाऊक नाही, त्या प्राध्यापकांना विचारून सांगते, असं गजाला म्हणाली. तिनं तिथल्या तिथे हात पुसले आणि दुसरा फोन लावला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला महिनोन् महिने झाकून ठेवू नका. अधूनमधून चार्जर लावा, थोडं फिरवून आणा. आणि घरात कोणी गप्प बसून असेल, तर त्याच्या मनात काय आहे हे लांबून ठरवू नका, जवळ जाऊन विचारा. कदाचित त्याला काहीतरी पाहायला जायचं असेल. तसं असेल तर नको म्हणू नका. वाट वाईट असली तर हात धरा, आणि सोबत जा.